टिंबाच्या उजवीकडे

चाकणजवळच्या एका शाळेत पाचवीच्या मुलांबरोबर एक तास घालवण्याची संधी मला मिळाली. फळ्यावर मी दोन संख्या लिहिल्या, ०.५ आणि ०.३५, आणि विचारले, ‘‘यातली मोठी कोणती?’’ बहुतेक हात ०.३५ च्या बाजूने वर झाले. ‘‘पस्तीस पाचापेक्षा मोठेच ना, सर!’’ एका मुलीने कारणही सांगितले. मग मी विचारले, ‘‘३.५ रुपये म्हणजे किती?’’ उत्तर आले, ‘‘तीन रुपये पाच पैसे.’’

मुले काही कच्ची नव्हती. ‘टिंबाखाली टिंब’ मांडून दशांश अपूर्णांकांच्या बेरजा ती बिनचूक करत होती. म्हणजे रीत येत होती, पण संख्या कळली नव्हती.

या मुलांपैकी अनेकांचे पालक चाकण, भोसरी, पिंपरी, चिंचवड या पट्ट्यातल्या कारखान्यांत काम करतात. कोणी लेथवर, कोणी प्रेसवर, कोणी तपासणी विभागात. २५ मिलिमीटरच्या बेअरिंगमध्ये बसवायचा शाफ्ट २५.०५ झाला तर तो आत जात नाही, पुन्हा कातावा लागतो. पण तोच २४.९५ झाला तर सैल होतो आणि जॉब बाद होतो, कारण कातलेले लोखंड परत जोडता येत नाही. ०.०५ मिलिमीटर म्हणजे साधारण एका बारीक केसाची जाडी. घरातली मोठी माणसे आठ तास ज्या आकड्यांच्या भरवशावर काम करतात, तेच आकडे घरातल्या मुलांना वर्गात परके वाटतात. यातली काही मुले पुढे आयटीआयला जातील आणि हातात ड्रॉइंग घेतील. ०.५ आणि ०.०५ यांतला फरक तोवर ‘दिसू’ लागला नसेल तर त्यांची अडचण होणार हे उघड आहे.

ही चूक इतकी सार्वत्रिक का, याचा विचार करताना मला गणिताच्या इतिहासाकडे वळावे लागले. एककाच्या डावीकडे दहा-दहा पटींनी वाढत जाणारी संख्या माणसाला फार आधी सापडली. उजवीकडे ती तशीच दहा-दहा पटींनी लहान होत जाऊ शकते, हे व्यवहारात रुजायला मात्र आणखी कित्येक शतके लागली. आपल्याकडच्या बाजारात तर ते आजी-आजोबांच्या आठवणीतल्या काळात घडले.

डावीकडे दहा, उजवीकडे चार

एकं, दहं, शतं ही दशमान पद्धत भारतीयांची, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त स्थानांची ही नावे थेट परार्धापर्यंत, म्हणजे एकावर सतरा शून्यांपर्यंत, दिलेली आहेत. भास्कराचार्यांचे ग्रंथ आपल्या प्रदेशात शिकवले जात होते, याचा पुरावाही आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे.

याच ‘लीलावती’च्या सुरुवातीला नाण्यांचे कोष्टक येते. २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म, १६ द्रम्मांचा एक निष्क. इथे दहाचा पत्ता नाही. आहेत ते वीस, चार आणि सोळा. ग्रंथात अपूर्णांक येतात ते अंश वर आणि छेद खाली अशा रूपात. ज्योतिषी मंडळी अंश, कला, विकला किंवा घटका, पळे वापरत. म्हणजे त्यांचे सूक्ष्म भाग साठाचे होते. एकाच पंडिताच्या डोक्यात पूर्ण संख्येसाठी दहा, आकाशासाठी साठ आणि बाजारासाठी चार-सोळा असे तीन हिशेब गुण्यागोविंदाने नांदत होते.

बाजारातला हा चाराचा हिशेब पुढे मराठी मुलखात किती पक्का झाला ते पाहण्यासारखे आहे. रुपयाचे चार भाग म्हणजे पावल्या, पावलीचे चार आणे, आण्याचे चार पैसे. शेराचे चार पावशेर, पावशेराच्या चार छटाका. चार शेरांची पायली. जुन्या हिशेबाच्या वह्यांत तर हे लिहिण्याची खास खूण होती. रुपयाच्या आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव रुपया, दोन रेघा म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. त्यापुढे आडवी, किंचित तिरपी रेघ काढली की एक आणा. अशा आडव्या रेघाही जास्तीत जास्त तीन, कारण चौथा आणा झाला की पावली होते आणि उभी रेघ वाढते. ‘सात रुपये चौदा आणे’ लिहायचे तर सातापुढे तीन उभ्या रेघा (बारा आणे) आणि दोन आडव्या रेघा (दोन आणे).

नीट पाहिले तर ही उजवीकडे जाणारी स्थानपद्धतीच आहे. प्रत्येक पुढचे घर आधीच्या घराच्या चौथ्या भागाचे आणि प्रत्येक घरात शून्य ते तीन इतकेच मावणार. आपल्या वाण्याला एककाच्या उजवीकडे जाता येत होते. फक्त तो दहाने जात नव्हता, चाराने जात होता.

चारानेच का? एक कागदाची पट्टी घ्या. ती निम्मी दुमडा, पुन्हा निम्मी दुमडा. चार सारखे भाग झाले, तेही मोजपट्टीशिवाय. तराजूत धान्याचे दोन सारखे ढीग करणेही असेच सोपे. आता त्याच पट्टीचे दुमडून दहा सारखे भाग करून पाहा! हाताला आणि डोळ्याला अर्धे करणे जमते, दहावा भाग काढणे जमत नाही. बाजाराने हाताला जमणारा हिशेब निवडला.

सात पाढे आणि एक टिंब

या हिशेबासाठी मुलांना वेगळे पाढे पाठ करावे लागत : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. सव्वादोन रुपये शेराने साडेतीन शेर तूप घेतले तर पैसे किती? औटकी येणारा मुलगा म्हणे : दोन औटे सात, वर पाव औट म्हणजे चौदा आणे. सात रुपये चौदा आणे. कागद नाही, पेन्सिल नाही.

हाच हिशेब दशांश पद्धतीने करू. २२५ ला ३५ ने गुणले की ७८७५ येतात. गुण्यात टिंबानंतर दोन अंक, गुणकात एक, म्हणून उत्तरात तीन : ७.८७५. सातही खास पाढ्यांची गरज संपली. पूर्ण संख्यांचा एक गुणाकार येत असला की पुरे. मात्र एक गोष्ट हातची गेली. औटकी म्हणणाऱ्या मुलाला ‘पाव औट’ म्हणजे काय ते डोळ्यांपुढे दिसत होते. ७.८७५ लिहिणाऱ्याला ते पावणेआठाहून थोडेसे जास्त आहे हे दिसेलच असे नाही. दशांश पद्धतीने हिशेब सोपा केला, पण संख्येचा अंदाज शिकवण्याचे काम शिक्षकाकडे सोपवले.

स्टेव्हिनची पुस्तिका

उजवीकडेही दहानेच जावे, ही कल्पना कोणा एकाची नव्हे. दहाव्या शतकात दमास्कसच्या अल्-उक्लिदिसी याच्या लिखाणात ती दिसते. समरकंदचा गणिती अल्-काशी याने १४२७ साली पुऱ्या केलेल्या ग्रंथात दशांश अपूर्णांकांची पद्धतशीर मांडणी केली. पण हे ज्ञान विद्वानांपुरते राहिले.

व्यवहारातल्या माणसांसाठी ते मांडले सायमन स्टेव्हिन याने. हा ब्रूज गावचा माणूस. तरुणपणी त्याने अँटवर्पला हिशेबनिशी केली होती, पुढे तो अभियंता म्हणून नावाजला. १५८५ साली त्याने डच भाषेत एक लहानशी पुस्तिका काढली. तिच्या नावाचा अर्थच ‘दहावा भाग’. जमीन मोजणारे, कापड मोजणारे, दारूच्या पिंपांचे माप घेणारे, टांकसाळीतले अधिकारी, व्यापारी आणि खगोलशास्त्रज्ञ अशा सर्वांना उद्देशून ती लिहिली होती. तिचा दावा एवढाच की अपूर्णांकांचा त्रास सोडून द्या, सगळे हिशेब पूर्ण संख्यांसारखे करा.

स्टेव्हिन टिंब वापरत नव्हता. तो प्रत्येक अंकाजवळ एका वर्तुळात त्याच्या घराचा क्रमांक लिहीत असे. आपण ३.५७ लिहितो ते तो साधारण असे लिही : ३(०) ५(१) ७(२). शून्याचे वर्तुळ म्हणजे एकक, एकाचे म्हणजे दहावे भाग, दोनाचे म्हणजे दहाव्याचे दहावे भाग. लिहायला ही पद्धत बोजड होती. म्हणून पुढच्या पिढीत वर्तुळे गेली आणि स्कॉटलंडच्या नेपिअरसारख्यांच्या लिखाणातून टिंब रुळले. पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर त्या वर्तुळांत एक मोठा गुण होता. अंक कोणत्या घरातला आहे ते विसरताच येत नसे. ५(१) आणि ३(१) ५(२) अशा संख्या समोर आल्या, तर ‘पस्तीस पाचापेक्षा मोठे’ म्हणायची पाळी सहसा येणार नाही.

सरकारांनी नाणी, वजने आणि मापेही दहाच्या पटीत करावीत, अशी सूचना स्टेव्हिनने त्या पुस्तिकेतच केली होती. ती ऐकायला जगाने वेळ घेतला. अमेरिकेने १७९२ साली दशमान नाणी स्वीकारली. फ्रान्सने १७९५ साली मेट्रिक पद्धतीचा कायदा केला. ब्रिटनचे चलन दशमान व्हायला १९७१ साल उजाडले. आपल्याकडे इंग्रज अमदानीत १८७१ साली एक कायदा झाला होता. त्यात शेर फ्रान्सच्या किलोग्रॅमएवढा धरायचे ठरले होते, पण तो कायदा कागदावरच राहिला.

१ एप्रिल १९५७

स्वातंत्र्यानंतर १९५५ साली नाण्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर ‘नवे पैसे’ झाले. १, २, ५ आणि १० नव्या पैशांची नाणी आली. पाचाचे नाणे चौकोनी होते. ‘नवे’ हे विशेषण १ जून १९६४ पासून गळले.

आता एका गमतीच्या अडचणीकडे पाहू. सोळा आण्यांचे शंभर पैसे, म्हणजे एका आण्याचे सव्वासहा. पण पाव पैशाचे नाणे नाही! म्हणून नियम झाला की अर्धा पैसा किंवा त्याहून कमी उरला तर सोडून द्यायचा आणि अर्ध्याहून जास्त उरला तर पुढचा पूर्ण पैसा धरायचा. त्यानुसार एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे बरोबर २५. एकेक आण्याची वस्तू सोळा वेळा घेतली तर द्यायचे ९६ नवे पैसे. तीच एकदम रुपयाची घेतली तर १००. गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यात ‘माझा पैसा कुठे गेला?’ असा प्रश्न उभा राहणे स्वाभाविकच होते. वर्गात हे कोष्टक मुलांकडून पुरे करून घ्यावे. आसन्न किंमत म्हणजे काय आणि तिच्यामुळे कोणाचा फायदा, कोणाचा तोटा होतो, हे समजायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला. १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम बाजारात आला आणि एप्रिल १९६२ पासून जुनी वजने व्यवहारातून बाद झाली. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ०.९३३ किलोग्रॅम. दोन्ही इतके जवळ असल्याने घोटाळ्याला वाव होता, पण सवय लागायलाही त्याची मदत झाली. भाषा मात्र इतक्या लवकर बदलली नाही. पंचवीस पैशांना लोक पुढे कित्येक वर्षे ‘चाराणे’च म्हणत राहिले. आजही भाजीवाल्याकडे ‘पावशेर मिरच्या’ मागितल्या की तो २५० ग्रॅम तोलून देतो. चाराची सवय दहाच्या पोटात जाऊन बसली आहे.

सूत, थाऊ आणि मिलिमीटर

पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक पट्टा नेमका याच संधिकाळात उभा राहिला. पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ सालची. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले १९६२ साली, म्हणजे ज्या वर्षी शेर बाद झाला त्याच वर्षी. मग साठच्या दशकात पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या शेतांत कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या. या चार गावांची मिळून १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले चाकण मोटारींचे गाव झाले ते त्यानंतर, नव्वदच्या दशकापासून पुढे.

या कारखान्यांत आलेल्या कामगाराला एकाच वेळी दोन जगांत वावरावे लागले. इंग्रजी धर्तीची यंत्रे इंचात, तर युरोपातली मिलिमीटरमध्ये. सुतार आणि फिटर इंचाचा आठवा भाग ‘सूत’ म्हणून ओळखत. तीन सूत म्हणजे ३/८ इंच. हा पुन्हा निम्मे-निम्मे करण्याचाच मार्ग : १/२, १/४, १/८, १/१६, १/३२, १/६४. पण ५/१६ आणि २१/६४ यांत मोठे कोणते, हे सांगायला क्षणभर थांबावे लागते. शिवाय १/६४ इंच म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर, आणि यंत्राच्या कामात तेवढीही ढिलाई चालत नाही. म्हणून मेट्रिक पद्धत न मानणाऱ्या इंग्रज अभियंत्यांनीही कारखान्यात इंचाचे दहावे, शंभरावे आणि हजारावे भाग केले. एकोणिसाव्या शतकात जोसेफ व्हिटवर्थ यांनी याचा आग्रह धरला होता. इंचाचा हा हजारावा भाग आपल्या वर्कशॉपमध्ये ‘थाऊ’ झाला. एक थाऊ म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर. ५/१६ आणि २१/६४ हेच ०.३१२५ आणि ०.३२८१ असे लिहिले की लहानमोठे लगेच कळते. पण अर्थात, कोणता अंक कोणत्या घरातला हे कळत असेल तरच!

इतिहासाचा धडा इथे स्पष्ट होतो. माणसे दहाच्या भागांकडे वळली ती मापनामुळे. एकक मोजून झाल्यावर काही उरले, उरलेले मोजायला दहापट लहान एकक घेतले, तरीही काही उरले, मग आणखी दहापट लहान. टिंबाच्या उजवीकडचे प्रत्येक घर म्हणजे ‘उरलेले मोजण्याची’ पुढची पायरी. मुलांनाही याच वाटेने नेता येईल.

फसवी टिंबे

नेताना एक काळजी घ्यायला हवी. मुलांच्या भोवती टिंबे पुष्कळ आहेत, पण सगळी दशांश चिन्हे नाहीत. क्रिकेटमध्ये ‘४.५ षटके’ म्हणजे चार षटके पाच चेंडू. पुढच्या चेंडूला ती पाच होतात, ४.६ होत नाहीत. घड्याळात २.५० नंतर दहा मिनिटांनी ३.०० वाजतात. कोणी उंची ५.६ सांगितली तर ती पाच फूट सहा इंच असते. या सर्व ठिकाणी टिंब म्हणजे दोन वेगळ्या एककांमधली भिंत आहे. अलीकडे सहाचा, साठाचा किंवा बाराचा हिशेब चालतो.

रुपये-पैशांचे उदाहरण आपण नेहमी पहिले देतो. पण तिथेही मूल बारा रुपये आणि पन्नास पैसे अशा दोन पूर्ण संख्याच वाचते. मधले टिंब त्याच्या लेखी भिंतच असते. म्हणून तर ३.५ चे ‘तीन रुपये पाच पैसे’ होतात. शिवाय आता पैसे हातात येतातच कुठे? २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर चलनात राहिलेली नाहीत. तेव्हा पैशांचे उदाहरण जरूर द्यावे, पण सुरुवात लांबीपासून करावी असे मला वाटते.

वर्गात करून पाहा

दहा भागांची पट्टी : सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची कागदी पट्टी प्रत्येक गटाला द्या. आधी दुमडून दोन, चार, आठ भाग करू द्या, मग दहा करायला सांगा. थोडी धडपड झाली की युक्ती दाखवा. एका मोठ्या कागदावर सारख्या अंतराच्या अकरा समांतर रेघा आखा. पहिल्या आणि शेवटच्या रेघेतले अंतर पट्टीच्या लांबीपेक्षा कमी असू द्या. आता पट्टी तिरपी ठेवा, एक टोक पहिल्या रेघेवर आणि दुसरे अकराव्या रेघेवर. मधल्या रेघा पट्टीला जिथे छेदतात तिथे खुणा करा. दहा सारखे भाग तयार. असे का होते, याचा विचार वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी करावा.

उरलेले मोजू : ही पट्टी आपले एकक. तिच्या दहाव्या भागाएवढे काही तुकडे कापा आणि त्यांतल्या एका तुकड्यावर पुन्हा दहा भाग आखा. आता बाक मोजा. समजा चार पट्ट्या, उरलेल्या जागेत तीन तुकडे, आणि त्याहून उरलेल्यात सहा बारीक भाग बसले. हे आधी स्टेव्हिनच्या रीतीने लिहा : ४(०) ३(१) ६(२). काही दिवस असेच लिहू द्या. वर्तुळे काढण्याचा कंटाळा आला की मुलांनाच विचारा, कमी खुणांत काम भागेल का? एककाचे घर कोणते एवढे कळले तरी बाकीची घरे आपोआप कळतात, हे त्यांच्याच लक्षात येईल. मग टिंब सांगा.

पावशेराची फोड : २००, १००, ५० ग्रॅमची वजने आणि साधा तराजू मिळवा. पाव किलो तोलायला २०० आणि ५० लागतात, म्हणजे किलोचे दोन दशांश आणि पाच शतांश. भाजीवाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा ०.२५० दाखवतो. शेवटचे शून्य काय सांगते? अर्ध्याला एक घर पुरते (०.५), पावाला दोन लागतात (०.२५), अर्ध्या पावाला तीन (०.१२५). असे का, यावर चर्चा होऊ द्या. आजोबांचा चाराचा हिशेब आणि आपला दहाचा हिशेब इथे एकमेकांना भेटतात.

टिंबांची शिकार : मुलांनी वर्तमानपत्र, बिले, औषधांची वेष्टने, पेट्रोलची पावती यांतून टिंब असलेल्या संख्या गोळा कराव्यात आणि त्यांचे दोन ढीग करावेत, दहाच्या हिशेबाच्या आणि इतर हिशेबांच्या. कसोटी सोपी आहे : टिंबाशेजारच्या घरात नऊ झाल्यावर आणखी एक मिळवला तर काय होते?

कागदी व्हर्निअर : फ्रान्सच्या पिअर व्हर्निअर याने १६३१ साली जगापुढे ठेवलेली युक्ती पुठ्ठ्यावर करता येते. एका पट्टीवर फक्त सेंटिमीटरच्या खुणा करा. दुसऱ्या सरकत्या पट्टीवर ९ सेंटिमीटरचे दहा सारखे भाग करा, म्हणजे ०, ९, १८, २७ अशा मिलिमीटर अंतरांवर खुणा. वस्तू मोजताना सरकत्या पट्टीची कितवी खूण मुख्य पट्टीच्या खुणेशी जुळते ते पाहा. तेच दशांश घरातला अंक. मुख्य पट्टीवर मिलिमीटर आखलेले नसतानाही आपण मिलिमीटर वाचू शकतो, याचे मुलांना फार नवल वाटते.

या पट्ट्यातल्या शिक्षकांना आणखी एक सोय आहे. वर्गातल्या एखाद्या पालकाला व्हर्निअर किंवा मायक्रोमीटर घेऊन अर्धा तास बोलवा. मायक्रोमीटरच्या स्क्रूचा एक फेरा अर्धा मिलिमीटर पुढे जातो आणि त्याच्या फिरत्या गोलावर पन्नास भाग असतात, म्हणून एक भाग ०.०१ मिलिमीटर. त्याने कागदाची आणि स्वतःच्या केसाची जाडी मोजायला मुलांना फार आवडते. आणि आपले बाबा किंवा आई रोज काय वाचतात, ते मुलांना वर्गात सर्वांसमोर समजते.

त्या दिवशी तास संपता संपता मी ०.३५ मोठे म्हणणाऱ्या मुलीला दहा भागांच्या पट्टीवर दोन्ही लांब्या आखायला सांगितल्या. तिने पाच भाग मोजून एक खूण केली. मग तीन भाग मोजले, चौथ्याच्या मध्यावर दुसरी खूण केली आणि बराच वेळ दोन्ही खुणांकडे पाहत राहिली. ‘‘म्हणजे पस्तीस हे बारीक तुकडे आहेत, आणि पाच हे मोठे,’’ ती म्हणाली. चाराच्या हिशेबातून दहाच्या हिशेबात यायला समाजाला शतके लागली. मुलांना त्यासाठी चार-सहा तास, कात्री आणि कागदाच्या पट्ट्या एवढे तरी आपण द्यायलाच हवे.